शाळेच्या गेटवर हत्यारांची तपासणी: यंत्र घेण्याआधी काय, घेतल्यावर काय

जळगाव जिल्ह्यातल्या माध्यमिक शाळांमध्ये माझी उभी नोकरी झाली, शेवटची काही वर्षं मुख्याध्यापक म्हणून. मुलांच्या दप्तरातून माझ्या टेबलावर आलेल्या वस्तू अजून डोळ्यांसमोर आहेत. केळीचा घड कापायचा कोयता, दाढीचं पातं, सायकलची चेन, बोटांत घालायचा एक लोखंडी फायटर आणि एकदा नवाकोरा चॉपर. यातली एकही वस्तू यंत्राने पकडलेली नव्हती. चॉपरच्या वेळी आमचा शिपाई धावत केबिनमध्ये आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "सर, त्या पोऱ्याना दप्तरमा चाकू शे." त्याला ते नववीतल्या एका मुलीने सांगितलं होतं.

आता संस्थाचालक आणि पालक विचारतात, "सर, गेटवर मेटल डिटेक्टर बसवायचा का?" प्रश्न रास्त आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये उदयपूरला दहावीतल्या मुलाने वर्गमित्राला चाकू मारला, तो मुलगा वाचला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये अहमदाबादला आठवीतल्या मुलाने दहावीतल्या मुलावर वार केला, तोही गेला. आपल्याकडेही मुलांच्या मोबाइलवर कोयता घेऊन नाचणाऱ्यांचे रील फिरतात, आणि चोपडा-शिरपूर पट्ट्यात गावठी कट्टे पकडल्याच्या बातम्या अधूनमधून येतातच. बसवा, पण खाली दिलेल्या क्रमाने. क्रम उलटा झाला की पैसे जातात, मुलांचा विश्वास जातो आणि हत्यार मागच्या भिंतीवरून आत येतं.

आधी आवाराला एक फेरी मारा

सकाळी शाळा भरायच्या आधी, सोबत शिपाई आणि एक शिक्षक घेऊन, कुंपणाच्या कडेने पूर्ण चक्कर मारा. पडलेली भिंत, वाकलेल्या सळया, नाल्याकडची फट, शेजारच्या पत्र्यावरून उडी मारायची जागा, सगळं वहीत लिहा. खानदेशातल्या कित्येक शाळांची मैदानं संध्याकाळी गावाचीच असतात. क्रिकेट होतं, बाजाराच्या दिवशी गाड्या लागतात, रात्री कोण बसतं ते सकाळच्या बाटल्या सांगतात. एखाद्याने रात्रीच पाण्याच्या टाकीमागे काही ठेवलं असेल, तर सकाळी तो रिकाम्या हाताने तुमच्या गेटमधून हसत आत येईल. म्हणून रोज सकाळची पहिली तपासणी मुलांची नाही, मैदानाची आणि स्वच्छतागृहांची. दहा मिनिटं पुरतात.

यंत्राच्या आधी भिंत बांधा. निधी एकाच कामापुरता असेल तर तो भिंतीला द्या.

आत यायची वाट एकच ठेवा. दुसरं फाटक असेल तर ते बाहेरून बंद, पण आतून लगेच उघडेल असं हवं. आग लागली, शॉर्टसर्किट झालं, तर कुलपाची किल्ली शोधत बसायची वेळ येऊ नये. किल्ली ज्याच्याकडे असते तो शिपाई त्या दिवशी नेमका रजेवर असतो, हे मी पाहिलेलं आहे.

शाळेतल्या शाळेत काय आहे तेही बघा. पोषण आहाराच्या स्वयंपाकखोलीतली विळी आणि सुऱ्या, प्रयोगशाळेतलं आम्ल, कार्यानुभवाच्या कात्र्या, बागकामाची खुरपी. या सगळ्यांना कुलूपबंद जागा आणि मोजून नोंद हवी. संध्याकाळी मोजताना एक सुरी कमी भरली, तर ते त्याच संध्याकाळी कळायला हवं.

वेळेचं गणित मांडा

समजा शाळेत ९०० मुलं आहेत. हातातल्या डिटेक्टरने एका मुलाला तपासायला १५ सेकंद धरा. एका माणसाला १३,५०० सेकंद लागतील, म्हणजे पावणेचार तास. नऊ माणसं उभी केली तरी २५ मिनिटं. आणि मुलं काही सुटीसुटी येत नाहीत. खेड्यावरची एसटी उशिरा आली की साठ-सत्तर मुलं एकदम गेटवर येतात, त्यात सायकली, त्यात रिक्षा. मार्च-एप्रिलमध्ये सकाळची शाळा असली तरी भुसावळ-जळगावचं ऊन आठ-साडेआठलाच चटके देतं. रस्त्यावर ताटकळलेली रांग हा स्वतःच एक धोका आहे. वाहनांचा धोका, उन्हाचा धोका, आणि ज्याला भांडण उकरायचंच आहे त्याला आयती गर्दी.

म्हणून रोज प्रत्येकाची तपासणी बहुतेक शाळांना झेपणार नाही. झेपेल ती चिठ्ठीची तपासणी.

डब्यात ० ते ९ अशा दहा चिठ्ठ्या ठेवा. गेट उघडण्याआधी मुख्याध्यापक एक चिठ्ठी काढतील, आकडा फळ्यावर लिहून फळा गेटच्या आत ठेवतील, आणि चिठ्ठी परत डब्यात टाकतील. ती परत टाकायला विसरू नका, नाहीतर उरलेले आकडे मुलं दोन आठवड्यांत ओळखतात. ज्याच्या हजेरी क्रमांकाचा शेवटचा आकडा तो असेल, तो टेबलाकडे जाईल. क्रमांक ओळखपत्रावर मोठ्या अक्षरात हवा. ९०० मुलांतली साधारण ९० मुलं तपासली जातील. दप्तरासह प्रत्येकी ४० सेकंद धरले तर तीन टेबलांवर वीस मिनिटांत काम होतं.

दहातल्या एकाला तपासून काय होणार, असं पालक विचारतील. त्यांना हे सांगा: रोज चाकू आणणारा मुलगा एका दिवशी सापडण्याची शक्यता १० टक्के आहे, पण दहा दिवसांत ती ६५ टक्क्यांवर जाते आणि शाळेच्या २४ दिवसांत ९२ टक्क्यांवर. मुलांना हे गणित कुणी शिकवावं लागत नाही, ती ते अंगानेच ओळखतात. आकडा दिसल्यावर एखादा मुलगा पाठ फिरवून चालू लागला, तर गेटवरच्या शिक्षकाने हाक मारायची आणि त्याच दिवशी त्याच्या घरी फोन करायचा. आरडाओरडा करायचा नाही.

याच्या जोडीला आठवड्यातून दोनदा एक वर्ग चिठ्ठीने निवडा आणि दुसऱ्या तासाला वर्गातच दप्तरं बघा. भिंतीवरून आलेलं किंवा सकाळी झुडपात लपवलेलं जे असेल ते इथे सापडतं.

चिठ्ठीचा आग्रह मी वेगळ्या कारणासाठीही धरतो. निवड माणसावर सोडली की माणूस चेहरा बघून निवडतो. वसतिगृहातला, पाड्यावरून आलेला, पावरा किंवा भिल्ल घरचा, अमुक मोहल्ल्यातला, केस वाढवलेला मुलगाच रोज बाजूला काढला जातो. तिसऱ्या दिवशी सगळ्या शाळेला ते कळतं, आणि त्या मुलाला तर पहिल्याच दिवशी कळलेलं असतं. चिठ्ठीला जातही कळत नाही, गावही कळत नाही. कुणाविषयी ठोस माहिती मिळाली असेल तर त्याची तपासणी वेगळी, केबिनमध्ये आणि नोंद करून होईल. ती गेटवरच्या रांगेत मिसळायची नाही.

कोणतं यंत्र

सुरुवात हातातल्या डिटेक्टरने करा. काही हजारांत मिळतो, बॅटरीवर चालतो, त्यामुळे वीज गेली तरी अडत नाही. टेबलामागे एक या हिशेबाने तीन आणि एक जादा, असे चार घ्या. जादा बॅटऱ्या कपाटात ठेवा.

चौकटीचा डिटेक्टर, म्हणजे रेल्वे स्टेशन आणि मॉलमध्ये दिसतो तो, बराच महाग असतो आणि तो कुठे बसवला यावर सगळं अवलंबून असतं. त्याच्या खांबांतल्या तारांच्या वेटोळ्यांतून चुंबकीय क्षेत्र तयार होतं. धातू जवळून गेला की त्या क्षेत्रात फरक पडतो आणि भोंगा वाजतो. शाळेचं लोखंडी फाटक शेजारीच उघडझाप करत असेल, सायकलींची रांग लागूनच जात असेल, मोटार पंप किंवा जाड वीजवाहिनी जवळ असेल, तर यंत्र विनाकारण वाजत राहतं. जमिनीतल्या सळयांमुळे पायाजवळचा भाग गोंधळतो. चौकट हलत असेल तरी वाजतं. तेव्हा ती फाटकापासून आत, छपराखाली, सपाट आणि पक्क्या जागी बसवा. विक्रेत्याला आधी शाळेच्या वेळेत येऊन, मुलं येत असताना, तिथेच चालवून दाखवायला सांगा. रिकाम्या मैदानात सगळीच यंत्रं छान चालतात.

डिटेक्टर धातू ओळखतो, हत्यार ओळखत नाही. स्टीलचा डबा, पाण्याची बाटली, कंपासपेटी, पट्ट्याचं बक्कल, किल्ल्या, हातातलं कडं, पैंजण, सगळ्यांना तो सारखाच ओरडतो. उलट पेट्रोलची बाटली, आम्ल, दगड, धार लावलेलं लाकूड यांना तो गप्प राहतो. म्हणून दप्तर यंत्रातून नेऊ नका. दप्तर टेबलावर उघडून बघा, यंत्र अंगापुरतं वापरा.

'एआय हत्यार ओळखतं' असं सांगणारे विक्रेते आता तालुक्यापर्यंत पोहोचतील. त्यांना ऐकवण्यासारखी एक गोष्ट आहे. अमेरिकेत अशी यंत्रं शाळांना विकणाऱ्या एका कंपनीवर तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेने, नोव्हेंबर २०२४ मध्ये कारवाई केली. तक्रारीत नोंद होती की ऑक्टोबर २०२२ मध्ये सात इंची सुरी यंत्रातून आरामात आत गेली आणि शाळेतच एका विद्यार्थ्याला भोसकलं गेलं. त्यानंतर यंत्राची संवेदनशीलता वाढवली, तेव्हा निम्मे इशारे खोटे निघू लागले. सुरी पकडावी तर डबाही वाजतो आणि डबा सोडावा तर सुरीही सुटते, ही अडचण साध्या यंत्रालाही आहे. तिच्यावर उपाय एकच, टेबलामागे बसलेला शहाणा माणूस.

माणसं निवडा, मग शिकवा

प्रत्येक टेबलावर दोन मोठी माणसं हवीत. मुलींच्या टेबलावर दोन्ही स्त्रिया. एकटा माणूस मुलाला तपासणार नाही, मग तो कितीही जुना आणि विश्वासू असो. कंत्राटी रखवालदार असेल तर त्याची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी झाल्याशिवाय गेटवर उभा करू नका. ऑगस्ट २०२४ मधल्या बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचाराच्या प्रकरणानंतर राज्य सरकारने कर्मचाऱ्यांची पडताळणी आणि सीसीटीव्ही यांवर बोट ठेवलं, ते उगाच नव्हे. टेबलं कॅमेऱ्याच्या नजरेत असू द्या.

शिकवताना हे हातांनी करून दाखवा:

मूल स्वतः दप्तर उघडेल आणि वस्तू स्वतः बाहेर काढेल. शिक्षकाने दप्तरात हात घालायचा नाही. यात मुलाचा मान राहतो आणि तुमचं बोटही वाचतं, कारण पातं बऱ्याचदा वहीच्या पुठ्ठ्यात खोचलेलं असतं.

वह्यांच्या कव्हरच्या आत, कंपासच्या तळाशी, डब्याच्या पिशवीत आणि दप्तराच्या पाठीकडच्या फोममध्ये बघा. बाटलीचं झाकण मुलालाच उघडायला सांगा आणि वास लांबूनच घ्या.

डिटेक्टर अंगापासून दोन बोटं दूर धरा. एका खांद्यापासून खाली पायापर्यंत, मग दुसऱ्या बाजूने वर, नंतर पाठ, कंबर आणि शेवटी मोजे-बूट. अंगाला हात लावायचा नाही. कुठे वाजलं तर "इथे काय आहे बाळा, दाखवशील?" एवढंच विचारायचं.

छातीजवळ वाजलं तर मुलीला काहीही काढायला सांगायचं नाही. कधीच नाही. जुलै २०२२ मध्ये केरळातल्या कोल्लम जिल्ह्यात नीट या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या केंद्रावर धातूचे हूक वाजतात म्हणून मुलींना अंतर्वस्त्रं काढायला लावली गेली, पोलिसांत गुन्हा नोंदला गेला, आणि त्या मुलींनी ती परीक्षा कोणत्या मनःस्थितीत दिली असेल याचा विचार करूनही जीव कासावीस होतो. हूक वाजतात, चांदीचा करदोडा वाजतो, ताईत वाजतो. शिक्षिकेने विचारायचं, मुलीचं उत्तर ऐकायचं आणि जाऊ द्यायचं. दप्तर बघितलेलं आहे, तेवढं पुरे.

कानात कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेने बसवलेलं यंत्र) असलेलं मूल किंवा पेसमेकर असलेले आजोबा-आजी आले तर यंत्र त्यांच्याजवळ रेंगाळू देऊ नका, अशा व्यक्तींची नुसती पिशवी बघा. आणि तपासणीत मोबाइल, गुटखा, प्रेमाची चिठ्ठी सापडली तर? ते त्या दिवशी सोडून द्या. हत्याराच्या तपासणीत चिठ्ठ्या वाचायला लागलात की मुलं या तपासणीला 'कॉपीची झडती' समजतील आणि तुम्हाला कधीच काही सांगणार नाहीत.

रोज सकाळी यंत्राची परीक्षा घ्या. बोथट केलेली स्टीलची सुरी पुठ्ठ्यात चिकटवून ठेवा आणि तीच रोज फिरवून बघा. वाजली नाही तर बॅटरी बदला. महिन्यातून एकदा एखाद्या शिक्षकाच्या पिशवीत ती न सांगता पाठवा. टेबलावर ती सापडते का, हे वहीत लिहा.

पालकांना जूनमध्येच सांगा

शाळा सुरू झाल्यावर पहिल्याच पालक सभेत, शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव करून, नियम वाचून दाखवा. नुसता कागद घरी पाठवू नका. काही घरी तो वाचणारं कुणी नसतं. अहिराणीत सांगा, नंदुरबारकडे असाल तर पावरीत सांगणारा माणूस उभा करा, उर्दू शाळेत उर्दूत सांगा. बंदी असलेल्या वस्तू प्रत्यक्ष दाखवा. शस्त्र नियमांच्या यादीत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची, घर-शेती-कारखान्याच्या कामाची नसलेली सुरी येते, पण शाळेच्या नियमाला इंच लावू नका. चार इंचाचं पातंही जीव घेतं.

आपल्याकडची एक खास अडचण आहे. रावेर-यावलकडे, तापीकाठी, मोठी मुलं सकाळी केळीच्या बागेत काम करून परस्पर शाळेत येतात, किंवा शाळा सुटल्यावर शेतात जातात. त्यांच्याजवळ विळा-कोयता असतो आणि त्यात काहीही वाईट नसतं. त्यांना गुन्हेगार ठरवू नका. गेटजवळ कुलपाची एक लोखंडी पेटी ठेवा. मुलगा आल्याआल्या स्वतःहून अवजार जमा करेल, बिल्ला घेईल आणि सुटल्यावर बिल्ला देऊन परत नेईल. आमच्याकडे ही पेटी आल्यावर दप्तरातले कोयते बंद झाले. स्वतः जमा करणाऱ्याला एका शब्दानेही टोचायचं नाही, हा पेटीचा नियम.

सापडलं तर

याची तयारी यंत्र येण्याआधी व्हायला हवी, कारण तो क्षण आला की सगळ्यांची बोबडी वळते.

चाकू किंवा तसं काही सापडलं तर मुलाला शांतपणे टेबलापासून बाजूला घ्या. वस्तू मुलाच्या हातात परत जाऊ द्यायची नाही, दप्तरही त्याच्याकडे द्यायचं नाही. एक शिक्षक त्याच्यासोबत, दुसरा वस्तू जाड कागदी पाकिटात घालून वेळ, जागा आणि दोघांच्या सह्या घेणारा. फोटो शाळेच्या नोंदीसाठी एकच. तो व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला तर मुलाचं नाव गावभर होतं. अशा मुलाची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्यानेही बंदी आहे.

कट्टा दिसला तर कुणीही हात लावायचा नाही. मुलं दूर न्या, ११२ लावा, पोलीस येईपर्यंत जागा सोडून सगळे बाजूला.

मग केबिनचं दार अर्धं उघडं ठेवून, ज्याच्याशी मुलगा बोलतो त्या शिक्षकाला सोबत घेऊन, पहिला प्रश्न हा विचारा: "तुला कोणाची भीती वाटते?" "का आणलास?" असं विचारलं की मुलगा गप्प होतो. चॉपरवाल्या त्या मुलाला मी आधी "का" विचारलं होतं आणि अर्धा तास वाया घालवला. भीतीबद्दल विचारल्यावर तो रडायला लागला. स्टँडवर रोज तीन मोठी मुलं त्याच्याकडून पैसे काढत होती, आणि हे चार महिने चाललं होतं. त्याच्या वर्गातल्या निम्म्या मुलांना माहीत होतं, आम्हा शिक्षकांपैकी एकालाही नाही.

त्याच दिवशी पालकांना बोलवा. कुणाला ठरवून इजा करायचा बेत असेल, धमकी दिलेली असेल, कट्टा असेल किंवा कुणी मोठा माणूस मुलाच्या हातून हत्यार पाठवत असेल, तर पोलिसांना कळवणं टाळू नका. प्रत्येक ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी असतो. फोन करताना त्यालाच मागा आणि साध्या कपड्यांत यायला सांगा. मुलाला कोठडीत ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत, हे तुम्हाला माहीत असलं की पालकांनाही धीर देता येतो. मूल संकटात आहे असं वाटलं तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहेच. आणि 'दाखला हातात ठेवा' असं कुणी म्हणालं तर त्याला शिक्षण हक्क कायदा दाखवा, आठवीपर्यंतच्या मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. वरच्या वर्गातही काढू नका असं माझं मत आहे. शाळेबाहेर काढलेला रागावलेला मुलगा गेटसमोरच उभा असतो, आणि तिथे तुमचं टेबल नाही.

गेटच्या आधीची साखळी

अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने २००८ ते २०१७ या काळातले शाळांमधले ४१ हल्ले अभ्यासले. बहुतेक हल्लेखोरांनी आधी कुणाला तरी काहीतरी सांगितलं किंवा दाखवलं होतं. उदयपूर आणि अहमदाबादच्या बातम्यांतही आधीच्या भांडणांची चर्चा होतीच. मुलांना माहीत असतं, ती सांगत नाहीत, कारण चुगलखोर ठरण्याची भीती असते आणि सांगितलं तरी सर वर्गात उभं करून नाव विचारतील ही त्याहून मोठी.

तक्रारपेटी गेटजवळ किंवा ऑफिससमोर लावू नका, पाणी पिण्याच्या जागेजवळ लावा, जिथे उभं राहिलं तर कुणाला संशय येत नाही. रोज उघडा. आठवड्याने उघडलेली पेटी मुलं ओळखतात. प्रत्येक वर्गाने गुप्त मतदानाने एक 'सांगायचे सर' किंवा 'सांगायच्या मॅडम' निवडाव्यात. तो वर्गशिक्षकच असेल असं नाही, आमच्याकडे दोन वर्गांनी प्रयोगशाळा सहायकाचं नाव लिहिलं होतं. आणि एसटी स्टँडवर सुटल्यानंतरची पंधरा मिनिटं दोन शिक्षक आळीपाळीने उभे करा. अहमदाबादची घटना शाळा सुटल्यावरची आहे हे लक्षात ठेवा. सकाळची चिठ्ठी तिथे कामाला येत नाही.

दर महिन्याला नोंदवही समितीपुढे ठेवा. किती तपासले, काय सापडलं, कोण किती वेळा तपासलं गेलं, सुरीची चाचणी किती वेळा चुकली, आणि तक्रारपेटीतून किती गोष्टी कळल्या. पेटीचा आकडा यंत्राच्या आकड्यापेक्षा कमी येत असेल, तर पुढच्या महिन्याचा खर्च आणि वेळ कुठे लावायचा ते त्याच बैठकीत ठरवा. चॉपरची बातमी देणाऱ्या त्या मुलीचं नाव आमच्या वहीत नाही. शिपायाला ठाऊक होतं, मी ते त्याला कधी विचारलं नाही.